चौथीच्या बाई आणि पक्का निकाल

चौथीच्या बाई पेन्सिल वापरत नसत. यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. त्यांनी त्या काळात प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेल्या कुणालाही विचारावं. एप्रिलमध्ये आमच्या शाळेत मुलांपेक्षा मास्तरांनाच पेन्सिली जास्त लागायच्या. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले की प्रत्येकाने आपल्या वर्गाचा निकाल आधी पेन्सिलीने भरायचा. तो कच्चा निकाल. तो हेडसरांच्या टेबलावर जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा, तेव्हा काही नावांपुढे बारीक टिंबं दिलेली असायची. टिंब म्हणजे या मुलाला पस्तीसच्या वर न्यायचं. आपण खोडरबर घ्यायचं, अठराचे अडतीस करायचे आणि मग सगळ्यावरून शाई फिरवायची. तो पक्का निकाल. याबद्दल कुणी कुणाला काही सांगायचं नाही आणि कुणी काही विचारायचं नाही. नव्याने लागलेल्या शिक्षकाला हे कळायला एक एप्रिल पुरायचा. मला अर्धाच पुरला.

बाई थेट शाईने भरायच्या. हेडसर म्हणायचे, "बाई, मी कच्चा निकाल मागितला होता." बाई म्हणायच्या, "माझ्याकडे कच्चा नसतो. मूल बसलं, त्याने लिहिलं, मी तपासलं. आता त्यात शिजायचं काय राहिलं?" हेडसर हसायचे. ते कायम हसायचे, चहा विचारायचे, आणि "अहो, लेकराचं वर्ष वाचतं, शाळेचं नाव राहतं, कुणाचं काय बिघडतं?" असं इतक्या मायेने म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपणच दुष्ट आहोत असं वाटावं. आज माझी साठी उलटली, तरी ते हसणं मी विसरलेले नाही.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. तसंही शाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नव्हतं. एकवीस वर्षं त्यांनी चौथीच घेतली, म्हणून त्या चौथीच्या बाई. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, वेंगुर्ल्याकडच्या. नऊवारीतून पाचवारीत आल्या होत्या, पण चालणं नऊवारीचंच राहिलं होतं. रागावल्या की पुस्तकी मराठी सोडून सरळ मालवणीत यायच्या, आणि त्या दिवसातून दोन-तीन वेळा तरी रागावायच्या. मुलांवर मात्र हात उचलायच्या नाहीत. मी एकदा छडी घेऊन जिन्यात दिसले तर म्हणाल्या, "पोरांना कशाला मारतेस? मारण्यासारखी मोठी माणसं कमी आहेत का या शाळेत?"

आमची शाळा साकीनाक्याच्या मागच्या अंगाला होती. खाली आणि आजूबाजूला गाळे. एकात पत्रा ठोकणारी पॉवर प्रेस, एकात वेल्डिंग, एकात डब्यांची झाकणं कापायचं काम. गिरण्यांचा संप मोडून दोनेक वर्षं झाली होती. गिरणीतून बाहेर पडलेले कितीतरी कोकणातले बाप आता याच गाळ्यांत कामाला होते आणि त्यांची मुलं वर आमच्या वर्गांत होती. प्रेस चालू झाली की फळ्यावरचा खडू उडायचा. आम्ही बाकीचे आवाज थांबायची वाट बघत बसायचो. बाई प्रेसच्या दोन ठोक्यांच्या मधे शब्द बसवून शिकवायच्या. त्यांचा पाढाही त्याच ठेक्यात चालायचा. "मशीन थांबेल म्हणून बसलो तर पोरं म्हातारी होतील," म्हणायच्या.

प्रगतिपुस्तकात शेवटी एक रकाना असतो, शेरा. आम्ही त्यात दोनच वाक्यं लिहायचो. 'प्रगती समाधानकारक' किंवा 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे'. बावन्न मुलं आणि दोन वाक्यं. बाईंचा शेरा रकान्यातून बाहेर येऊन समासात चढायचा. 'बेरीज येते, हातचा विसरतो, दुकानात पाठवत जा.' 'गोष्ट छान सांगते, जोडाक्षर आले की खोकला काढते.' 'डोळे तपासा, मुलगा मठ्ठ नाही, त्याला फळा दिसत नाही.' आणि ज्या आयांना वाचता येत नसे त्यांना फाटकापाशी थांबवून त्या तो मोठ्याने वाचून दाखवायच्या. हेडसरांनी एकदा सांगितलं की बाई, शेरा संक्षिप्त असावा. "मग मुलंही संक्षिप्त पाठवा," असं उत्तर मिळालं.

'हुशार' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की तो अमका मुलगा हुशार आहे, की बाई डबा बाजूला ठेवून विचारायच्या, "हुशार म्हणजे काय? काय येतं ते सांग." समोरचा गांगरायचा. "नाही, म्हणजे, पटकन उत्तर देतो." "कशाचं?" समोरचा आपला डबा आवरायला लागायचा. मला हे फार उद्धट वाटायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, डी.एड. करून आले होते, रोजच्या धड्यांचं पाठ टाचण सुबक काढत होते, आणि माझ्या तिसरीच्या वर्गात माझ्या मते निदान दहा मुलं हुशार होती.

त्यातली पहिली सुनंदा. तिचा बाप आधी गिरणीत होता, आता गाळ्यात प्रेसवर. मुलगी नीटनेटकी, दोन वेण्या, आणि अक्षर असं की फळ्यावरचं वहीत उतरवलं तर माझंच वाटावं. पाठ्यपुस्तकातला कुठलाही धडा सांगा, उभी राहून खणखणीत वाचायची. स्वल्पविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायची.

त्या वर्षी आमच्याकडे तपासणी आली. तपासणीचाही एक रिवाज होता. कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवायला सांगायचं, नाहीतर मागे बसवून मधे उंच मुलं बसवायची. साहेब वर्गात आले, मी सुनंदाला उभं केलं. तिने अख्खा धडा म्हटला. साहेब खूश झाले आणि शेरेबुकात 'तिसरीचे वाचन उत्तम' असं लिहून गेले. त्या एका ओळीवर माझी नोकरीतली पहिली दोन वर्षं सुखाने गेली.

आता जे लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदा वाचत होती तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. तिचं बोट ओळींवरून सरकत होतं. तोंडाने ती धड्यातल्या विहिरीवरच्या बायकांचं बोलणं म्हणत होती आणि बोट मात्र चित्राखालच्या प्रश्नांवर होतं. मला ते दिसलं होतं. दिसलं आणि मी साहेबांकडे बघून हसले. हेडसर हसायचे तशीच.

पुढच्या जूनमध्ये सुनंदा चौथीत, बाईंच्या हाती गेली. बाईंची वाचनाची परीक्षा पुस्तकावर नसायची. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात भाजीच्या पुडीचे कागद, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटलीबरोबर येणारी घडी, नळाचं पाणी येणार नाही म्हणून लावलेली सूचना, असं काय काय असायचं. पहिल्या आठवड्यात एकेका मुलाला टेबलापाशी बोलवायच्या, डब्यातून हाताला येईल तो कागद काढायच्या आणि म्हणायच्या, "वाच." म्हणायच्या, पुस्तकातलं पाठ असतं, पुडीवरचं पाठ नसतं.

मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गात आल्या. हातात पुडीचा कागद होता. मुलं डबे खात होती. बाईंनी दार लोटलं आणि विचारलं, "सुनंदाला मराठीत किती दिलेस?"

"अडुसष्ट."

"कशाचे?"

मी म्हटलं, तोंडी उत्तम, अक्षर उत्तम, प्रश्नोत्तरं सगळी बरोबर.

"प्रश्नोत्तरं तू फळ्यावर लिहून दिलीस, तिने रांगोळी काढावी तशी काढली. तिला 'घर' वाचता येत नाही, शुभांगी. 'घ' कुठला ते कळत नाही. तीन वर्षं ही पोरगी शाळेत येतेय. दुसरी पोरं वाचताना ऐकून पुस्तकच्या पुस्तक पाठ केलंय तिने. एवढं डोकं असलेल्या मुलीला आपण 'घर' शिकवू शकलो नाही आणि अडुसष्ट गुण दिले."

त्या 'आपण' म्हणाल्या. 'तू' म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. मी विचारलं, तिने मग सांगितलं का नाही कुणाला? बाई इतक्या चिडल्या की कागद चुरगळला गेला. "कोणाक सांगतला ता? तुका? तू तेका शाबास म्हणत होतंस."

दुसऱ्या दिवसापासून जिन्यावरचा वर्ग सुरू झाला. साडेबाराला आमची शाळा सुटायची आणि दुपारची शाळा भरायची, त्यामुळे खोली मिळत नसे. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायच्या, सुनंदा दोन पायऱ्या खाली, आणि डबा मधे. मलाही हजर राहायचा हुकूम होता. "तू बिघडवलंस, तू बघ कसं दुरुस्त होतं ते." मी जात असे, रोज नव्हे. कधी डोकं दुखतं म्हणायचे, कधी बसची वेळ सांगायचे. बाई मात्र एक दिवस चुकल्या नाहीत.

पाठ असलेलं विसरायला लावणं हे नवं शिकवण्यापेक्षा किती अवघड, ते मी त्या जिन्यावर पाहिलं. सुनंदाला कागद दाखवला की ती आधी आमच्या चेहऱ्याकडे बघायची. पहिलं अक्षर ओळखलं की पुढचं अंदाजाने ठोकून द्यायची, तेही झोकात. बाई एकेक अक्षर बोटाने झाकायच्या. "अंदाज नको. माझ्याकडे बघू नको, माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही. इथे बघ." दिवाळीपर्यंत अक्षरं बसली. संक्रांतीनंतर काना-मात्रा. एकदा तिने लग्नपत्रिकेवरचा 'आपले नम्र' यातला 'आपले' सुटा वाचला आणि स्वतःच दचकली. बाईंनी पुढचा कागद काढला. पण त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, एवढं आठवतं.

मार्चमध्ये हिशेब स्पष्ट झाला. सुनंदा दोन-तीन अक्षरांचे शब्द वाचत होती. चौथीचा पेपर वाचणं अजून लांब होतं. बाई म्हणाल्या, "एक वर्ष. मला आणखी एक वर्ष मिळालं तर ही मुलगी जन्मभर वाचेल. या वर्षी वर गेली तर संपलं." आमची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा अंधेरी-कुर्ला रोडच्या पलीकडे. तिथे साठ-सत्तरच्या वर्गात 'घर' वाचणारी मुलगी कुणाला दिसणार होती? पण नापास झाली तर घरचे तिला बसवतील, ही भीती होतीच. नापास मुलीचं नाव दुसऱ्या दिवशी काढणारे आईबाप आम्ही दरवर्षी बघत होतो.

म्हणून बाई मला घेऊन सुनंदाच्या घरी गेल्या. दहा बाय दहाची खोली, आई भाकऱ्या थापत होती. तिने आधी साफ सांगून टाकलं, "बाईनू, पास-नापास माका कळत नाय. पण नापास झाली तर घरात बसतली. धाकट्यांक बघूक कोणतरी व्हया."

बाईंनी फळीवरची औषधाची बाटली उचलली आणि तिच्यावरचा कागद सुनंदापुढे धरला. म्हणाल्या, "वाच." सुनंदाने बोट ठेवलं. "दो... न. दोन. च... म... चे. चमचे." आई तवा विसरून बघत राहिली. तिला वाटलं होतं मुलगी धडाधड वाचते. हे अडखळणं काय आहे ते तिला कळेना, आणि कळलं तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "मगे तीन वर्सां काय शिकवलास तुमी?"

बाई म्हणाल्या, "काय एक नाय. ता आमचा पाप. म्हणान सांगतंय, एक वर्स माका दी. नापास झाली तरी धाड."

भाकरी करपल्याचा वास आला. आईने ती उलटली आणि म्हणाली, "बरां. तुमी सांगतास तर धाडतंय." मी दाराशी उभी होते. तिने तीन वर्षांचं विचारलं ते माझ्याकडे न बघता विचारलं होतं. तिला माहीतच नव्हतं की तिसरीच्या बाई मी.

एप्रिलमध्ये बाईंनी निळ्या शाईने निकाल भरला. सात मुलं नापास. सुनंदाला मराठीत एकोणीस. निकाल हेडसरांकडे देऊन त्या सासूच्या वर्षश्राद्धासाठी चार दिवस गावी गेल्या.

हेडसरांनी मला बोलावलं. चहा मागवला. वरून कळलं होतं की चौथीचा निकाल घसरलेल्या शाळांतली एक तुकडी कमी करायची. तुकडी गेली की एक शिक्षक जाणार आणि शाळेत सगळ्यांत नवी मी. हे त्यांनी एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. ते म्हणाले, "तुमचं अक्षर सुंदर आहे. कोरा तक्ता आहे, तेवढा चौथीचा निकाल नव्याने उतरवून द्या. सातापैकी दोन राहू देत, अगदीच सगळे पास बरं दिसत नाही. कुठले दोन ते तुम्हीच ठरवा."

तुम्हीच ठरवा. कितीतरी रात्री मी या दोन शब्दांवर चडफडले आहे. कारण त्यांनी सुनंदाला पास करा असं म्हटलं नव्हतं. मला तिला त्या दोघांत ठेवता आलं असतं. बाईंना हवं होतं तेच झालं असतं, हेडसरांना हवं होतं तेही झालं असतं, माझी नोकरीही राहिली असती. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. तिसरीला अडुसष्ट, शेरेबुकात वाचन उत्तम, आणि चौथीत मराठीत नापास. कुणी दोन कागद शेजारी ठेवले असते तर पहिला प्रश्न मला विचारला असता. मी दुसऱ्याच दोन मुलांची नावं नापासात ठेवली आणि सुनंदापुढे एक्केचाळीस लिहिले. ठळक, सुबक. बाईंच्या सहीच्या जागी हेडसरांनी 'करिता' लिहून आपली सही केली आणि शिक्का मारला.

निकालाच्या दिवशी मीच बाईंच्या वर्गात प्रगतिपुस्तकं वाटली. मुलं गेली आणि बाई आल्या. एस.टी.तून उतरून थेट, हातात पिशवी, पिशवीत गावचे कोकम. त्यांनी निकालाचा तक्ता मागितला. उभ्यानेच वाचला. मला वाटलं आता ओरडतील, आणि मी ओरडण्याची तयारी करून बसले होते, रडायचीसुद्धा.

"अक्षर तुझं."

"हो."

"सुनंदाला कोणी घातलं वर? त्यांनी की तू?"

मी म्हटलं, मी. बाईंनी तक्त्याची घडी केली, पिशवी तिथेच ठेवली आणि म्हणाल्या, "चल."

सुनंदाच्या घरी आनंद होता. बाप गाळ्यातून लवकर आला होता. आईने शेजाऱ्यांना साखर वाटली होती, आम्ही दारात पाय ठेवला तशी आमच्याही तळहातावर ठेवली. बाप म्हणाला, "चौथी पास. आमच्या घरात पयलीच." बाईंनी साखर तोंडात टाकली नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं की हा निकाल खरा नाही, मुलीला अजून नीट वाचता येत नाही, तिला पुन्हा चौथीत बसवा, नाव मी घालून घेते.

आईला आधी कळलंच नाही. मग तिने प्रगतिपुस्तक आणून बाईंच्या पुढे धरलं. "खोटा कसा? शिक्को असा तेच्यार."

"शिक्को असा. तरी खोटा असा."

"बाईनू, तुमी सांगलास नापास झाली तरी धाड. मी हो म्हटलंय. आता पास झाली तर तुमी म्हणतास नापास. तुमका माझ्या चेडवाचां बरां बघवत नाय काय?"

बाप मधे पडला. तो चांगला माणूस होता, अदबीने बोलला. पाचवीची शाळा रस्त्यापलीकडे, गाड्या कसल्या भरधाव, मुलीची जात, चौथी झाली हे पुष्कळ झालं, बाईंचे उपकार आहेत. म्हणजे त्याने तिला पाचवीत घालायचाही विचार केलेला नव्हता. चौथी पास हा त्याच्या लेखी शेवटच होता आणि तो शेवट माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं आणि एकच माणूस असं होतं की ज्याने एक वाक्य उच्चारलं असतं तर आईबापांना विश्वास ठेवावा लागला असता. हे गुण मी लिहिले, मी खोटे लिहिले. एवढंच. मी तळहातावरच्या साखरेकडे बघत राहिले.

सुनंदा कोपऱ्यात उभी होती. तिला सगळं कळत होतं. तिने विचारलं, "बाई, सुट्टीत जिन्यावर येऊ?"

बाप हसून म्हणाला, "आता कित्याक? पास झालंस मा."

परतताना बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. हेडसरांशी मात्र दुसऱ्या दिवशी इतक्या बोलल्या की गाळ्यातली माणसं वर बघू लागली. त्यांनी वर तक्रार केली, पत्रं लिहिली. उत्तर म्हणून जूनमध्ये त्यांची बदली मुलुंडला झाली. निरोप समारंभ झाला नाही. चौथी मला मिळाली. पुढच्या वर्षी मी कायम झाले, आणि पुढे यथावकाश एका शाळेची हेडबाईसुद्धा झाले. माझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, हे मी अभिमानाने नव्हे, चिडून लिहिते आहे. ज्या व्यवस्थेत माझ्यासारखीला बढती आणि बाईंसारखीला बदली मिळते, तिच्यात मी तीस वर्षं सह्या केल्या.

चार वर्षांनी मी बाईंना भेटायला मुलुंडला गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. मी पेढे नेले होते आणि वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. दार त्यांनीच उघडलं. खूप वाळल्या होत्या, काठीला धरून उभ्या होत्या. मला ओळखलं. बस म्हणाल्या नाहीत.

"सुनंदा वाचते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग कशाला आलीस?"

आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी जिना उतरले तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. चार वर्षांनी कुणी दारात येतं, त्याला असं बोलतात का? बसस्टॉपवर उभी राहिले आणि तिथे मला कळलं की चार वर्षांत मी रोज सुनंदाच्या गल्लीच्या तोंडावरून शाळेत जात होते. आत वळून ते दार वाजवायला मला पाच मिनिटं लागली नसती.

तशीच तिथून साकीनाक्याला गेले. त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारची बाई म्हणाली, "गेले ते. गाळो बंद पडलो. गावाक गेले म्हणतत, कोण म्हणता नालासोपाऱ्याक." पत्ता कुणाकडे नव्हता. मी आणखी चार ठिकाणी विचारलं, पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्याही पुढच्या रविवारी गेले. बाईंकडे काय तोंड घेऊन जाणार म्हणून मुलुंडला गेले नाही, आणि वर्षभरात त्या वारल्याचं स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा पिता पिता सांगितलं.

सुनंदा आता पन्नाशीच्या आसपास असेल. तिला वाचता येतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.